कंपाउंडात उभं राहिलेलं माहेर

आम्ही दोघांनी म्हातारपणी जग पाहिलं. जग म्हणजे पूर्वेला मुलुंड, पश्चिमेला मनोरीची खाडी, वर बोरिवली आणि खाली अंधेरी. त्यापलीकडे काही असलंच तर ते आमच्या डिझेलच्या आवाक्यात नव्हतं. लोक सिंगापूरला जाऊन येतात आणि तिथून आणलेली एक छत्री जन्मभर दाखवत बसतात. आम्ही तीन वर्षं गाडीत राहिलो, गाडीत जेवलो, गाडीत भांडलो, आणि दाखवायला आमच्याकडे काहीच नाही. म्हणून लिहितोय.

मी लिहीत असताना ही मागे उभी राहून वाचते आणि मी जिथे जिथे थोडं वाढवतो तिथे खाकरते. खाकरणं काही छापता येत नाही. तेव्हा वाचकांनी आपल्या सोयीने मधे मधे खाकरून घ्यावं.

मी बसगाड्यांच्या एका कारखान्यात बॉडी बांधणारा सुतार होतो. उभा जन्म दुसऱ्यांना बसायला बाकं ठोकली. आमच्या भांडुपच्या चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी रिटायर झालो. एकुलती एक मुलगी लग्न होऊन घाटकोपरला गेली होती. चाळ पाडायची म्हणून मालकाला आमची खोली हवी होती. मी हिला विचारलं, "आता कुठे जायचं?" मला वाटलं, गावी म्हणेल. कोकणातला माणूस रिटायर झाला की गावी जाऊन नारळ मोजतो.

ही म्हणाली, "तीस वर्षं मी एकाच भिंतीकडे बघून भाकऱ्या थापल्या. ओट्यासमोर खिडकी, आणि खिडकीसमोर शेजारच्या चाळीची भिंत. तिच्यावर ओल कुठून कुठे गेली ते मला पाठ आहे. आता मला दुसरं काहीतरी दाखवा."

"काय दाखवू?"

"रोज वेगळं."

हे काम साध्या नवऱ्याचं नव्हतं, पण मी बॉडी बांधणारा. कुर्ल्याला एका भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या बेकरीची पाव पोचवायची व्हॅन उभी होती. इंजिन ठीक, पत्रा गंजलेला. खोली सोडल्याचे पैसे आले ते तिच्यात घातले आणि चार महिने मी त्या गाडीत अशी सुतारकी केली की तशी मी नोकरीत केली असती तर आज फोरमन असतो. दिवसा बसायला बाकं, रात्री तेच पलंग, त्यांच्या पोटात धान्याचे डबे. टपावर पाण्याची टाकी. देव्हारा चार स्क्रूंनी आवळलेला, ब्रेक मारला तरी देव जागचे हलत नसत. पण सगळ्यात आधी बनवली ती ओट्यासमोरची खिडकी. इतकी मोठी कापली की भंगारवाला म्हणाला, "चाचा, इसमें से तो गाडी ही बाहर गिर जाएगी."

अशी ही हिची खिडकी घेऊन आम्ही निघालो. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी पंधरा दिवस, जोगेश्वरीला गुंफांच्या मागे आठवडा, मग मार्व्याच्या जेट्टीजवळ गाडी लावून तरीने मनोरीला. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून राहिलो तेव्हा एका संध्याकाळी बिबट्या आला. गाडीला दोन चकरा मारल्या, पत्र्यात मुरलेला पावाचा वास हुंगला, आतली माणसं शाकाहारी आहेत असं ठरवलं आणि गेला. ही म्हणते, मांजर होतं. असेल. पण ते मांजर निघून जाताना पार्कातली माकडं झाडावर गप्प झाली होती.

पावाचा वास मात्र खोटा नाही. वर्षभर गेला नाही. कुठेही मुक्काम टाकला की सकाळी सहाला लोक पिशव्या घेऊन उभे. अंधेरीला एक गृहस्थ तर भांडायला लागले, "मी कालपासून दोन लाद्या सांगून ठेवल्यात." कुणाला सांगून ठेवल्या होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. हिने त्यांना घावन आणि चहा दिला. दुसऱ्या दिवशी ते पाव सोडून घावनासाठी आले.

आंघोळीचं आणि बाकीचं काय, असं सगळे विचारत, आणि विचारताना आवाज खाली आणत. तर माझे कारखान्यातले दोस्त सगळ्या उपनगरांतल्या डेपोंत पसरलेले होते. वॉचमन मला सलाम करत. हिला कुठल्या डेपोची न्हाणीघरं स्वच्छ हे इतकं पाठ झालं होतं की आमचा पुढचा मुक्काम बऱ्याचदा त्यावरच ठरायचा.

असं झकास चाललं असताना घाटकोपरहून बातमी आली की आमच्या मुलीला दिवस गेलेत.

आम्ही पेढे घेऊन गेलो. आमच्या विहीणबाई शाळेत शिवण शिकवायच्या. बाई उंच, सरळ, आणि बोलणं कात्रीसारखं. व्याही पेपरामागे असायचे. लग्न झाल्यापासून मी त्यांचे फक्त चष्मा आणि पाय पाहिले होते. जावई मुलीच्या शेजारी उभा राहून विनाकारण हसत होता. विहीणबाईंनी चहा पुढे केला आणि मला विचारलं, "व्याही, गाडी कुठे उभी केलीत?"

"खाली, कोपऱ्यावर."

"बरं. आणि बाळंतपण कुठे उभं करणार?"

जावयाचं हसू थांबलं. विहीणबाई पुढे म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून विचारते. नसेल जमत तर इथे करू. आमचं काही म्हणणं नाही."

ज्यांचं काही म्हणणं नसतं त्यांनी असं म्हटलं की ते चांगलं महिनाभर कानात राहतं. ही चहा प्यायली, कप विसळला, मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि खाली उतरली. मग तीन दिवस बोलली नाही. आमच्या गाडीत दोन माणसांतलं अंतर जास्तीत जास्त पाच फूट. एवढ्याशा जागेत तीन दिवस न बोलणं म्हणजे काय ते पाणबुडीतल्या लोकांना विचारा.

चौथ्या दिवशी बोलली. "खोली बघा."

"अगं पण..."

"गप रवा. माझ्या वेळी मी बोटीने गावी गेले होते. माझ्या आईने मला सव्वा महिना खाटेवरून खाली पाय टाकू दिला नाही. माझ्या मुलीला माहेर नाही असं त्या बिल्डिंगच्या जिन्यात कुणी बोललेलं मला चालायचं नाही. गाडी विका."

ती चिडून बोलली असती तर मी वाद घातला असता. ती अगदी साधं बोलली. मला कळलं, आता गाडी तरी जाणार नाहीतर हिचं मन तरी मोडणार. गाडी मी पुन्हा बांधली असती.

जोगेश्वरीला भाड्याची खोली मिळाली. मी बघायला हिला घेऊन गेलो. ही थेट ओट्यापाशी गेली आणि खिडकी उघडली. बाहेर हात लांब केला तर लागेल अशी भिंत. हिने खरंच हात लांब केला, भिंतीला लावला, काढून घेतला.

"चालेल," म्हणाली.

मी लग्नापासून हिचे शंभर प्रकारचे 'चालेल' ऐकलेत. हा मात्र ऐकवेना.

गाडीला गिऱ्हाईकही मिळालं. कुल्फीवाला होता. त्याने आत येऊन माझा कपाट-पलंग, माझी घडीची टेबलं सगळं बघितलं आणि म्हणाला, हे सगळं काढून टाकावं लागेल. मी त्याला पुढच्या सोमवारी चावी देतो म्हणालो.

त्या शनिवारी मुलगी खोली बघायला आली. सातवा महिना. जिना चढून धापा टाकत आली, आत न येता उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली, "इथे मी काय करू?"

"काय करू म्हणजे? बाळंतीण होशील," ही म्हणाली.

"ह्या खोलीत मी कुणाला ओळखते गं? शेजारी कोण ते तुलाही माहीत नाही. इथला नळ कुठला, दुकान कुठलं, तुलाच शोधावं लागणार. माहेरी आलेल्या पोरीने आईला वाट दाखवायची का?"

"मग गाडीत ठेवू तुला? गाडीत बाळंतीण झोपते?"

"बाबाने बांधलेल्या बसमध्ये साठ माणसं बसून आणि वीस लोंबकळून जायची. माझी एकटीची सोय नाही होणार? आणि तुझा स्टोव्ह तिथेच आहे ना. मला तुझ्या हातचं हवंय. भिंतीचं मी काय करू, खाऊ?"

माझं नाक गळत होतं. त्या खोलीत धूळ फार होती.

आता प्रश्न राहिला एकच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की यापुढे मुलीला गाडीत हिंडवायचं नाही, एक खड्डा चालणार नाही, आणि राहायचं ते नर्सिंग होमच्या जवळ. नर्सिंग होम मुलीच्या सासरच्या मागच्या गल्लीत. घाटकोपरच्या त्या गल्ल्यांत सायकल उभी करायला जागा नव्हती, मग आमचा हत्ती कुठे उभा करणार? जागा एकच होती. मुलीच्या सासरच्या बिल्डिंगच्या कंपाउंडात, पाण्याच्या टाकीमागे, एका बदामाखाली. आमची व्हॅन तिथे अगदी बसली असती. पण सोसायटीचा नियम होता, सभासदाशिवाय कुणाची गाडी रात्री आत ठेवायची नाही. आणि सेक्रेटरी असा होता की नियम नसेल तर तो जेवायचा नाही.

हे सगळं विहीणबाईंच्या कानावर घालायला कुणी जायचं? मी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्याकडे पाहिलं. शेवटी मुलीनेच त्यांना सांगितलं. विहीणबाईंनी ऐकलं, शिवणयंत्रावर झाकण घातलं, पदर खोचला आणि रविवारी सकाळी गच्चीवर सोसायटीची मीटिंग होती तिथे जाऊन बसल्या. मलाही घेऊन गेल्या. मी मागच्या खुर्चीवर.

सेक्रेटरी म्हणाला, "काकू, बाहेरच्या गाडीला परवानगी देता येत नाही."

"गाडी कुणी म्हटलं? माझ्या सुनेचं माहेर आहे ते. वहीत माहेराबद्दल नियम असला तर काढून दाखवा."

"त्याला चाकं आहेत, काकू."

"तुमच्या मुलीच्या लग्नाचा मांडव आठ दिवस फाटकात उभा होता. त्याला चाकं असती तर बरं झालं असतं, जरा बाजूला तरी सरकवला असता. मी काही बोलले तेव्हा?"

मीटिंगमध्ये कुणीतरी हसलं. सेक्रेटरीने वही पुढे-मागे चाळली. पहिल्या मजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, "अरे, बाळंतिणीला नाही म्हणून कुणाचं भलं झालंय?" आणि हात वर केला. मग एकेक हात वर गेला. शेवटी सेक्रेटरीनेही केला, कारण तो एकटाच खाली राहिला होता. त्याने लिहून घेतलं: सदर माहेरास तीन महिन्यांपुरती परवानगी.

खोली सोडून दिली आणि कुल्फीवाल्याला 'नाही' म्हणून सांगितलं. त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या मी अतिशय आनंदाने ऐकल्या.

मुलीला माहेरी आणायचा दिवस आला. गाडी बदामाखाली लागलेली. माझा हिशेब सोपा होता. पोरीने तीन मजले उतरायचे आणि वीस पावलं चालायचं. पण ही म्हणाली, "सासरच्या फाटकाच्या आत माहेर नसतं. तिने सासरची वेस ओलांडायला हवी. गाडी काढा."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते..."

"गल्लीला एक चक्कर. हळू."

वर विहीणबाईंनी सगळं रीतीप्रमाणे केलं. कुंकू लावलं, ओटी भरली, हातावर दही घातलं. व्याही त्या दिवशी पेपर बाजूला ठेवून दाराशी आले. तेव्हा मला कळलं की त्यांना मिशी आहे. मुलगी खाली आली, गाडीत उशांच्या ढिगात बसली, आणि मी गाडी काढली. जावई पुढे चालत रस्त्यातले दगड उचलत होता. मागे रिक्षा, हातगाड्या, एक लग्नाचा बँड, सगळं तुंबलेलं. मला एका गोगलगायीने ओव्हरटेक केलं. ही गोष्ट मी पन्नास लोकांना सांगितली आहे आणि एकानेही ती गोगलगाय पाहिली नव्हती असं म्हटलेलं नाही.

गल्लीला वळसा घालून आम्ही परत त्याच फाटकातून आत आलो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत विहीणबाई अजून हात हलवत उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या. मुलगी काशीला चाललीय असं वाटावं. आम्ही त्यांच्या अगदी पायाखाली गाडी लावली तरी त्यांचा हात थांबेना.

ते तीन महिने मला आयुष्यात मिळालेल्या सगळ्या बोनसांपेक्षा मोठे आहेत. थंडीचे दिवस होते. बदामाची लाल पानं टपावर पडायची. हिच्या खिडकीतून आता डोंगर किंवा खाडी दिसत नव्हती, अख्खी बिल्डिंग दिसत होती. चार मजले, बारा बिऱ्हाडं. तिने कधी तक्रार केली नाही. त्या खिडकीतून वाट्या बाहेर जायच्या आणि वाट्या आत यायच्या. गुजराती शेजारणीने सुंठीचा गूळ पाठवला. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी न्हाणीघर दिलं आणि वर तांब्याचा बंबही पेटवून ठेवायच्या. खालच्या बिऱ्हाडाने रविवारच्या पिक्चरला आपला टीव्ही खिडकीकडे वळवून ठेवला, म्हणजे मुलीला गाडीतूनच दिसावा.

एका दुपारी जेवण चाललं असताना मुलीने ताट बाजूला सारलं. एका बाजूला ही, एका बाजूला विहीणबाई, अशी ती मागच्या गल्लीत चालत गेली. मी मागून पिशवी घेऊन. चहाच्या वेळेला नात झाली. काळीभोर, मुठी आवळलेली, आणि आवाज असा की हॉर्नची गरज नाही.

पाळण्याचा हूक मी टपाच्या लोखंडी पट्टीला ठोकला आणि आधी स्वतः लोंबकळून बघितलं. हिने जुन्या साडीची झोळी केली. बाळंतिणीला धुरी द्यायची म्हणून पहिल्या दिवशी शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकला. आता खोलीत धुरी देणं वेगळं आणि सहा फुटी पत्र्याच्या डब्यात देणं वेगळं. खिडकीतून, दारातून, बॉनेटमधूनही धूर. सेक्रेटरी गॅलरीतून ओरडत खाली आला, लाल बादलीतली वाळू घेऊन, आणि आमच्या इंजिनावर ओतली. मग दार उघडून बघतो तर आत दोन विहिणी खोकत बसलेल्या, आणि बाळंतीण हसून हसून लोळतेय.

"माहेर पेटलंय असं वाटलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून धुरीच्या वेळी तोच स्वतः खाली येऊन खिडकी उघडून धरायचा.

विहीणबाई रोज सकाळी खाली यायच्या. पण गाडीच्या पायरीपाशी थांबायच्या आणि विचारायच्या, "येऊ का?" आपल्याच बिल्डिंगच्या कंपाउंडात, रोज. ही म्हणायची, "या की." मगच आत पाऊल. आत आल्यावर नातीला घ्यायच्या, पण सुनेला एक कामही सांगायच्या नाहीत. पाणी हवं असेल तर स्वतः उठून घ्यायच्या. एकदा मुलगी सवयीने उठायला गेली तर म्हणाल्या, "बस. तू माहेरी आहेस."

सव्वा महिना झाला, बारसं होऊन गेलं होतं. आम्ही मुलीला सासरी पोचवलं. या वेळी चक्कर मारली नाही, वीस पावलंच चाललो. तेवढ्या वीस पावलांत ही जेवढी रडली तेवढी लग्नातही रडली नव्हती. मग आठवडाभर मी इंजिनातली वाळू काढत होतो. शेवटी एका सकाळी गाडी सुरू झाली. टाकी भरली, देव्हाऱ्याचे स्क्रू आवळले. सगळी बिल्डिंग निरोपाला खाली.

तेवढ्यात विहीणबाई जिना उतरून आल्या. हातात कापडी पिशवी.

"कुठे निघालात?" त्यांनी हिला विचारलं.

"मार्व्याला. आठेक दिवस."

"मी चार दिवस येते."

त्या गाडीच्या पायरीकडे बघत म्हणाल्या, "मी दहा वर्षांची असताना आई गेली. पहिलं बाळंतपण सासरी झालं, दुसरंही. बाराव्या दिवशी पाणी भरायला लागले. माहेरी म्हणून मी कधी कुठे गेलेली नाही." आणि मग नेहमीच्या आवाजात, "जागा नसेल तर तसं सांगा. आमचं काही म्हणणं नाही."

हिने पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली. वर गॅलरीतून, नातीला खांद्यावर घेऊन, आमची मुलगी म्हणाली, "जा हो तुम्ही. मी बघते इथलं." व्याह्यांनी पेपर हलवला.

मार्व्याला पोचल्यावर विहीणबाईंनी सवयीने विळी ओढली. हिने ती काढून घेतली. त्यांनी केरसुणी उचलली, तीही काढून घेतली. "खिडकीत बसा," ही म्हणाली. पहिला दिवस बाई खिडकीत अगदी परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाय वर घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत झोपल्या, उठल्यावर घड्याळ बघून घाबरल्या, आणि पुन्हा आडव्या झाल्या. हिने त्यांच्या डोक्याला तेल घातलं. दोघी तरीने मनोरीला जाऊन आल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही, आणि मी इथे काही रचूनही लिहिणार नाही.

चौथ्या दिवशी हिने त्यांची ओटी भरली. नारळ, तांदूळ, आणि वर कागदात बांधलेले सुके बोंबील. आम्ही त्यांना घाटकोपरला सोडलं. फाटकाशी सेक्रेटरी उभा होता.

"काकू, चार दिवस दिसला नाहीत. कुठे होतात?"

विहीणबाईंनी बोंबलाचं पुडकं या हातातून त्या हातात घेतलं.

"माहेरी," म्हणाल्या, आणि जिना चढायला लागल्या.